तात्यांची परीक्षानळी

आमचे शेजारी तात्या लग्नाला गेले की आहेराच्या आधी खिशातनं परीक्षानळी काढतात. चेष्टा करत नाही मी. माणसांच्या खिशाला पेन असतं, ह्यांच्या खिशात काचेची नळी, तिला बूच, आत निम्मं पाणी. थेट आचाऱ्याकडं जायचं, श्रीखंडावर टाकायच्या केशराची एक काडी मागायची, नळीत सोडायची आणि उजेडाकडं धरून म्हणायचं, "थांबा की, रंग सुटू दे."

रंग भसकन लालभडक सुटला की तात्या मुलीच्या बापाला गाठतात. "पावणं, ह्ये केशर न्हवं, करडईची पाकळी हाय. पर पोट बिघडत न्हाय, जेवा बिनघोर." एवढ्या मोठ्यानं, की तो बिचारा पंगतीकडं बघायचंच टाळतो.

खरं केशर म्हणे दमानं रंग सोडतं, तोही पिवळा, आणि काडी लालच राहते. हे मला आता झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगता येईल. तात्या शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होते. शाळा सुटली, नळी सुटली नाही.

एकदा राजारामपुरीत मी केशरी साडी घ्यायला गेले, तर तात्या मागं उभे! "वैनी, ही शेंदरी हाय." दुकानदारानं दुसरी काढली. "ही नारिंगी." तिसरीला दुकानदार माझ्याकडंच रागानं बघायला लागला. शेवटी मी हिरवी घेऊन आले.

शांत बसणं ह्या माणसाला ठाऊकच नाही. खुर्ची दिली तरी कडेला टेकणार, गुडघा हलत राहणार, चहा निम्मा ठेवून उठणार. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी शालनवहिनी वारल्या आणि मग तर घरात तात्यांचा पाय ठरेनासाच झाला. दिवसभर जिन्यात वर-खाली. मला त्रास व्हायचा, आणि खरं सांगते, जीवही तुटायचा.

गेल्या महिन्यात आमच्या सुनेचं, पल्लवीचं डोहाळजेवण होतं. माझा मुलगा सुहास कामासाठी उत्तरेकडं गेला होता, तिथनं त्यानं बायकोसाठी केशराची डबी आणलेली. सगळ्यांसमोर आपल्या हातानं तिला केशरदूध द्यायचं, असं त्याच्या मनात. आठ दिवस पोरगं त्याच आनंदात होतं. मी तात्यांना बजावलं, जेवायच्या वेळेला या आणि नळी घरी ठेवून या.

ते तासभर आधी आले. नळी घेऊन.

विहीणबाई, त्यांच्या तीन बहिणी, ओटी भरायला आलेल्या बायका, सगळ्यांच्या देखत सुहासनंच हौसेनं डबी उघडून पुढं केली. "तात्या, बघा की, अस्सल आहे." तात्यांनी काडी सोडली. मी शेजारीच होते. पाणी क्षणात कुंकू कालवल्यासारखं लाल झालं. आता हा माणूस विहीणबाईंसमोर माझ्या लेकराची शोभा करणार!

तात्यांनी नळी मुठीत झाकली. सुहासकडं बघितलं, पल्लवीकडं बघितलं. "अस्सल हाय," म्हणाले. "दूध मीच करून आणतो." आणि सुहासची डबी घेऊन आत गेले.

मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात. "तात्या, मी रंग बघितला," म्हटलं.

त्यांनी दुसऱ्या खिशातनं एक लहानशी डबी काढली, कोमट दुधात चार काड्या सोडल्या आणि पेल्याकडं बघत उभे राहिले. बाहेर बायका हाका मारत होत्या.

"थांबा की वैनी, रंग सुटू दे."

आणि तेवढ्या वेळात त्यांनी सांगितलं. शालनवहिनींना दिवस गेले तेव्हा तात्यांनीही जत्रेतनं अशीच डबी आणली होती. रोज स्वतःच्या हातानं दूध करून द्यायचे. बारशाला कोडोलीहून त्यांच्या सासूबाई आल्या, डबी उघडून हसल्या. म्हणाल्या, जावईबापू, आमच्या रानातली करडई आमालाच आणलीसा व्हय?

"जोंधळ्याच्या कडंला करडई लावत्यात की. त्या काट्यातनं फुलं येचत वाढल्याली ती. पयल्याच दिवशी तिनं वळीकलं असणार. पर रोज म्हणायची, वास काय सुटलाय वो!" तात्यांनी डबी मला दाखवली. "ह्ये खरं गावलं, तवा प्यायला ती न्हवती."

दुधात पिवळा रंग हळूहळू उतरला. त्यांनी डबी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, ही सुहासच्या डबीत ओता, पोराला सांगू नका, आणि त्याची करडई मला द्या.

सुहासनं पेला पल्लवीच्या हातात दिला. ती म्हणाली, वास छान आहे. ते ऐकून तात्या वळले आणि परत आत गेले.

बायका जेवायला बसल्यावर मी आत डोकावले. त्यांनी करडई घालून स्वतःसाठी पेला केला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीत पाठ टेकून बसले होते. गुडघा हलत नव्हता. पेला पार रिकामा.

मी विचारलं, कसं लागलं?

"नुसतं दूध हाय की वो वैनी," ते म्हणाले. "वास कसलाच न्हाय."