बाबांची खुर्ची आणि सरांचं अर्धं डोकं

आमच्या घरात सगळ्यात हुशार मी आहे! त्यात मी नुकतीच शाळांच्या वादविवाद स्पर्धेत पहिली आलेले. तेव्हा बाबांची कोर्टातली भानगड मीच निस्तरणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं.

भानगड अशी. बाबांचं सलून बुडालं. कर्ज फिटेना, म्हणून त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. कोर्टानं मानलं तर राहिलेलं कर्ज माफ होणार होतं, आणि पोट भरायची अवजारं जप्तीतून सुटणार होती. कात्र्या, वस्तरे, मशीन यांबद्दल कुणी ब्र काढला नाही. भांडण पेटलं ते खुर्चीवरून!

खुर्ची तरी कशी? पायानं दाबली की वर जाणारी, मागे रेलणारी, गरगर फिरणारी! सलून बंद झाल्यापासून ती आमच्या बाहेरच्या खोलीत होती, आणि बाबा तिच्यावरच अधूनमधून एखाद्याचे केस कापायचे. कर्ज देणाऱ्या कंपनीचे वकील कोर्टात म्हणाले, "हे कसलं अवजार? ही चैनीची आरामखुर्ची! हिच्यात बसून घरचे टीव्ही बघतात!"

अगदीच खोटं नव्हतं हो. मी बघायचे.

"खुर्ची गेली तर गिऱ्हाइकांना काय पाटावर बसवू?" बाबा एवढंच म्हणाले. रोज सकाळी ते खुर्चीवरून फडकं फिरवायचे, आजारी माणसाचं अंग पुसावं तसं. आई तर दाराची बेल वाजली तरी दचकायची.

कोर्टानं ठरवलं, रविवारी तपासनीस घरी येऊन खुर्चीवर खरंच काम चालतं का ते बघतील. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "एखाद-दुसरं गिऱ्हाईक दिसलं तरी पुष्कळ झालं."

एखाद-दुसरं? छे! मी शाळेत दवंडी पिटली, "रविवारी आमच्या घरी कटिंग फुकट!"

रविवारी आमच्या दारापासून जिना उतरून थेट रस्त्यापर्यंत रांग! अर्धा वर्ग, शाळेचे शिपाईकाका, वर्गातल्या मुलांचे मामा आणि काका. आणि सगळ्यांच्या पुढे कोण? आमचे गणिताचे सर! खडू नखाएवढा उरला तरी टाकत नाहीत, ते सर!

"फुकट म्हणजे अगदी फुकट ना ग?"

"अगदी, सर!"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की कात्री आधी माझ्या वेणीवरच चालणार! पण दारात आलेल्याला परत पाठवणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी सरांच्या गळ्यात कापड बांधलं.

तेवढ्यात तपासनीस आले. जिन्यात अडकले.

"अहो, सोडा मला! मी केस कापायला आलेलो नाही!"

"सगळे असंच म्हणतात! मागे व्हा, मागे!"

बिचाऱ्यांना रांगेत उभं केलं हो! मी धावत जाऊन त्यांना वर ओढून आणलं तेव्हा त्यांच्या शर्टाचं एक बटण तुटलं होतं आणि सरांच्या डोक्याची डावी बाजू कापून झाली होती.

मी छाती फुगवून म्हणाले, "बघितलंत? आमच्याकडे रोज अशीच गर्दी असते!"

आईनं डोळे मिटले.

"रोज?" तपासनीस थंडपणे म्हणाले. "मग दिवाळखोरी कसली? या कमाईचा अर्जात उल्लेख कसा नाही?"

आणि त्यांनी सरांना उठवून खुर्चीवर सील ठोकलं! सुनावणीपर्यंत कुणी हात लावायचा नाही. सर अर्ध्या डोक्यानं जिना उतरले.

वकीलबाईंनी फोनवर कपाळ बडवलेलं मला ऐकू आलं. "अग बाई, कमाई लपवली असं ठरलं तर खुर्ची राहू दे, कर्जमाफीच जाईल! बाबा जन्मभर हप्ते भरत बसतील!"

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते रोज सकाळी फडकं घेऊन सील लागलेल्या खुर्चीपर्यंत जायचे आणि तसेच परत फिरायचे.

कोर्टात कंपनीचे वकील गरजले, "रोज गर्दी! मुलगी स्वतःच्या तोंडानं म्हणाली!"

मी उभी राहिले. "ते खोटं होतं. गर्दी एकाच दिवसाची होती. मी जमवलेली. कुणी पैसे दिले नाहीत."

"पुरावा?"

वादविवादात पहिली आलेली मी! मी वळून आईकडे बघायला लागले. आईनं माझा हात घट्ट धरला.

"पुरावा इथे आहे!" मागून आवाज आला. गणिताचे सर! खुर्चीचं सील कधी निघणार, हे विचारायला आलेले. त्यांनी टोपी काढली. डावीकडे चकाचक कटिंग, उजवीकडे जंगल! अख्खं कोर्ट खो खो हसलं.

न्यायाधीशांनी विचारलं, "दुसऱ्या सलूनमध्ये जाऊन उरलेले का नाही कापून घेतलेत?"

सर गोंधळले. "दुसरीकडे पैसे पडतात, साहेब!"

न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. बऱ्याच वेळानं काढला. "या गृहस्थांनी कुणाला पैसे दिले असतील, असं मानणं या कोर्टाला शक्य नाही. आणि खुर्चीवर केस कापले जातात, हे तर यांच्या डोक्यावरच दिसतंय!"

खुर्ची सुटली! कर्ज माफ! मला मात्र न्यायाधीशांनी उभं करून असं झापलं, की माझे कान अजून गरम आहेत. आई रडली, बाबांनी वकीलबाईंना दोनदा नमस्कार केला.

घरी पोचतो तो सर आमच्याआधी दारात! बाबांनी हसत हसत उजवी बाजू कापली, मान झटकली, आरसा धरला. सरांनी डोकं इकडून तिकडून वळवून पाहिलं.

"छान! पण एवढ्या दिवसांत डावी बाजू वाढली हो. तीही घ्या ना जरा. फुकटातच धरू, काय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मुकाट्यानं झाडू आणायला गेले.