अर्ध्यावरचा झेंडा

"दोरीच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही!"

हे आमच्या तॉर्किलचं पेटंट वाक्य. अडतीस वर्षं हा माणूस मालवाहू जहाजांवर बोसन होता. म्हणजे डेकवरचे दोरखंड, साखळ्या आणि खलाशी, सगळे याच्या आवाजावर हलायचे. आणि आवाज तरी केवढा! डेन्मार्कमधल्या आमच्या मार्स्टाल गावच्या धक्क्यावर त्यानं नुसतं "काय, कसं काय?" विचारलं, तर समोरच्या बेटावरच्या गाई मान वर करून बघायच्या.

तर हा तॉर्किल त्या उन्हाळ्यात सिनेमात गेला. सिनेमा समुद्री चाच्यांचा. डोळ्यावर पट्टी आणि खांद्यावर पोपटवाले चाचे नव्हेत हं! आजचे, खरेखुरे. ते जहाज पळवतात, खलाशांना महिनोन्महिने डांबून ठेवतात आणि इकडे कोपनहेगनमध्ये मालकाची झोप उडते. दिग्दर्शिका होती लीव नावाची बाई. तिला सगळं खरं पाहिजे होतं. जहाज खरं, गंज खरा, ओलिसांमधला म्हातारा बोसनसुद्धा खरा. तॉर्किलनं अडतीस वर्षांत एकही चाचा पाहिला नव्हता. एका सीगलनं हातातला माशाचा पाव पळवला होता, तेवढीच काय ती चाचेगिरी! पण हे लीवला कोण सांगणार?

अख्ख्या सिनेमात त्याला वाक्य एकच होतं. "मला घरी जायचंय."

"सगळा सिनेमा या वाक्यावर उभा आहे," तॉर्किल गावभर सांगत सुटला. घरी तीन आठवडे तालीम चालली. सकाळी अंडं फोडताना, दाढी करताना, बागेत गूजबेरी तोडताना, एकच घोष.

"मला घरी जायचंय!"

"अरे, घरीच आहेस!" बायको, आस्ता, म्हणायची. "कॉफी घे ओतून."

"तसं नाही गं. यात माणसाचं अख्खं आयुष्य आहे."

"मग आयुष्य जरा हळू म्हण. शेजारचा वीगो कुंपणावरून बघतोय."

पण तॉर्किलच्या मनात काय होतं, ते त्यानं तिलाही सांगितलं नव्हतं. अडतीस वर्षांत हे वाक्य त्याच्या घशाशी हजारदा आलं होतं. सांतोसला, सिंगापूरला, बिस्केच्या लाटांत. पण बोसननं असं म्हणायचं नसतं! त्यानं ते एकदाही उच्चारलं नाही, साध्या पत्रातसुद्धा लिहिलं नाही. आता ते एकदा मोठ्या पडद्यावर म्हणायचं आणि आस्तानं ते अंधारात बसून ऐकायचं, एवढंच त्याचं स्वप्न होतं. दुपारी बागेतल्या खुर्चीत डोळे मिटून तो ते स्वप्न बघत बसायचा आणि कॉफी गार व्हायची.

शूटिंगचा दिवस उजाडला. समुद्रावर दुधासारखं धुकं पसरलेलं. आस्ता पहिल्या बोटीनं बहिणीकडे गेली होती. "संध्याकाळी ऐकवशील कसं झालं ते," असं सांगून. तॉर्किल एकटाच. त्याला वाटलं, आज झेंडा लावलाच पाहिजे! आमच्याकडे वाढदिवस असो, पोरगी परीक्षा पास होवो, बागेतल्या खांबावर झेंडा चढतो. सकाळी आठच्या आधी चढवायचा नसतो, पण सिनेमावाल्यांची बोट साडेसातची. तॉर्किल म्हणाला, "आज नियम झोपू देत."

त्यानं दोरी ओढली. झेंडा मोठ्या डौलात निघाला आणि अर्ध्यावर थांबला. वर जाईना, खाली येईना! अडतीस वर्षांचा बोसन एका बागेतल्या दोरीशी झटतोय! त्यानं हिसका दिला, शिवी दिली, खांबाला लाथसुद्धा दिली. तेवढ्यात धक्क्यावरून बोटीचा भोंगा वाजला.

"राहू दे. संध्याकाळी बघतो," तो म्हणाला. "वर मान करून बघतंय कोण!"

मार्स्टालमध्ये! जिथे लोक सकाळी उठल्यावर आधी वारा बघतात, मग झेंडे बघतात आणि मग बायकोकडे बघतात!

जहाज खाडीबाहेर नांगरलेलं होतं. चढल्या चढल्या लीवनं सगळ्या ओलिसांचे फोन काढून घेतले. "ओलिसांकडे फोन नसतो," ती म्हणाली. कॉफीही बंद केली. "ओलिसांना कॉफी कोण देणार?" यावर मात्र सगळे खरोखरच खचले. मग त्यांना तळातल्या अंधाऱ्या कोठारात बसवलं, तोंडाला काजळी फासली, वर पाणी शिंपडून घाम केला आणि तॉर्किलच्या डोक्याला रक्ताची पट्टी बांधली. दारात बंदूक घेऊन चाच्याच्या वेषातला लिबान उभा. हा ओडेन्स शहरात बस चालवायचा, आईवडील सोमालियातले, आणि त्याला धक्क्यापासूनच बोट लागली होती.

"काका," तो बंदुकीला टेकून कण्हत म्हणाला, "तुम्हीच मला ओलीस धरा आणि जमिनीवर सोडा हो!"

"बोला, तॉर्किल," लीव म्हणाली. "अगदी हळू. स्वतःशी."

"मला घरी जायचंय!!"

वरच्या डेकवरचा माणूस धावत खाली आला. त्याला वाटलं, नांगर उचलायला सांगतायत.

"हळू, तॉर्किल."

सतरा वेळा झालं. सतराही वेळा बोसननं हुकूम सोडला! शेवटी लीवनं कपाळावरचे केस मागे सारले. "उद्या घेऊ. आता नुसते पडून राहा. काहीही करू नका."

हे मात्र तॉर्किलला छान जमलं. कोठारात ऊब होती, जहाज हळूहळू हलत होतं, तळाशी पाणी गुळगुळ करत होतं. त्याचा डोळा लागला. स्वप्नात ते जहाज पाणी सोडून आमच्या बेटाच्या शेतांवरून तरंगत निघालं, खाली जवाच्या ओंब्या सळसळत होत्या, चाचे कठड्याला रेलून कॉफी पीत होते आणि आस्ता बागेतून हात हलवत होती. तो घोरायला लागला, तेव्हा लिबाननं आपली शाल हळूच त्याच्या तोंडावर टाकली. कॅमेरा चालूच होता.

इकडे गावात काय चाललंय, याची त्याला काय कल्पना!

झालं असं, की आठ वाजता वीगो आपला झेंडा चढवायला बाहेर आला. बघतो तर शेजारी अर्ध्यावर झेंडा! घरात कुणी गेलं की आमच्याकडे झेंडा अर्ध्यावर येतो. आस्ताला तर त्यानं पहाटेच घाईघाईनं बोटीत चढताना पाहिलं होतं. म्हणजे गेलं कोण? वीगोनं तॉर्किलला फोन लावला. पाच वेळा. उचलला नाही.

"मेल्याशिवाय तॉर्किल बोलायची संधी सोडेल?" वीगो म्हणाला आणि त्यानं स्वतःचा झेंडा अर्ध्यावर घेतला. ते बघून बेकरीवाल्या डॉर्टेनं घेतला. दहा वाजेपर्यंत सगळी गल्ली, बारापर्यंत सगळं बंदर! तीनच्या बोटीनं आस्ता आली, तेव्हा तिच्या बागेत चौदा माणसं, तीन क्रीमचे केक आणि काळा कोट घातलेला वीगो होता.

आस्ता झेंड्याकडे बघतच राहिली. "शूटिंगमध्ये काही झालं का?" एवढंच ती कसंबसं म्हणाली. कुणालाच काही माहीत नव्हतं. सगळे कॉफी पीत राहिले.

पाचच्या सुमारास सिनेमावाल्यांची बोट परत निघाली. धुकं सोनेरी झालं होतं. त्या धुक्यातून गाव हळूहळू वर आलं आणि गावातला एकेक झेंडा, सगळे अर्ध्यावर! कॅमेरावाल्यानं घाईघाईनं पेटी उघडली आणि तो झेंडे टिपायला लागला.

"कुणीतरी गेलं," तॉर्किल टोपी काढून म्हणाला. "आणि माणूस मोठा असणार. आपल्यासाठी कोण एवढे उतरवणार!"

मग त्याला स्वतःची बाग दिसली. तिथलाही झेंडा अर्ध्यावर. खाली काळे कपडे घातलेली माणसं.

सकाळची अडकलेली दोरी त्या झोपेत कुठे वाहून गेली होती, कुणास ठाऊक! त्यानं सरळ हिशेब केला. त्या घरात माणसं दोन. एक मी, आणि मी तर इथे आहे.

"आस्ता!" तो म्हणाला. तो कठड्यावरून पुढे झुकला. लिबाननं त्याला धरलं. आणि तॉर्किलच्या पोटातून, अडतीस वर्षांच्या खालून, ते वाक्य आलं. "मला घरी जायचंय!"

आवाज तेवढाच मोठा, पण मधेच चिरलेला. लीव ओरडली, "घेतलंस का? घेतलंस?"

"मी झेंडे घेत होतो," कॅमेरावाला म्हणाला. "आवाजाची पेटी बंद आहे."

बागेत मात्र तो आवाज पोचला! धुक्यातून, समुद्रावरून, मेलेल्या तॉर्किलचा आवाज! डॉर्टेच्या हातातला केक उपडा झाला. वीगो खुर्चीत बसला. आस्ता तेवढी फाटकाकडे धावली.

धक्क्यावरून तॉर्किल धावत आला. चेहरा काळा, डोक्याला रक्ताची पट्टी, आणि मागे बंदूक घेतलेला लिबान, "काका, हळू! पडाल!" करत. फाटकापाशी दोघं नवरा-बायको समोरासमोर आली.

"तू जिवंत आहेस!" तॉर्किल म्हणाला.

"मी? मेल्या, तू कुठे होतास!" असं म्हणून आस्तानं त्याच्या छातीवर एक गुद्दा मारला आणि मग तिथेच तोंड लपवून ती रडायला लागली. तोही रडला. चौदा माणसं केकच्या बशा धरून बघत राहिली.

"मग मेलं कोण?" वीगोनं जरा रागानंच विचारलं. "तो झेंडा कुणी लावला?"

तॉर्किलनं वर पाहिलं. दोरी पाहिली. सकाळ आठवली. त्याचे कान लाल झाले.

"मी भाषण लिहिलंय!" वीगो म्हणाला. आणि लिहिलंय म्हणून त्यानं ते वाचलंच. त्यात तॉर्किल दोरीत निष्णात होता, असं दोनदा आलं.

दुसऱ्या दिवशी लीवचा फोन आला. वाक्य आता नको होतं. ते झेंडे आणि ती झोप बघून तिनं कथाच बदलली होती.

नोव्हेंबरात गावच्या सिनेमागृहात सगळे गच्च बसलो होतो. पडद्यावर म्हातारा बोसन कोठारात निपचित पडलेला. एक चाचा हळूच त्याच्या तोंडावर शाल ओढतो. मग धुक्यातलं आमचं गाव, सगळे झेंडे अर्ध्यावर. वीगो रुमाल शोधायला लागला. एकूण चौदा सेकंद. बोसन मेला, सिनेमा पुढे गेला.

"माझं वाक्य..." तॉर्किल अंधारात पुटपुटला.

आस्तानं त्याचा हात घट्ट धरला. "मी ऐकलंय ते. अडतीस वर्षं थांबले होते त्यासाठी."

दिवे लागले. वीगो मागच्या रांगेतून वाकला. "मेलास मात्र अगदी खराखुरा! बरं, ती दोरी बदललीस का?"

"उद्या बदलतो," तॉर्किल म्हणाला. इतक्या हळू, इतकं स्वतःशी, की लीवनं त्या दिवशी सतरा वेळा अगदी हाच आवाज मागितला होता.