धनराजभाऊंची रिकामी फ्रेम

धनराजभाऊ सौंसरच्या बाजारात "दोन किलो कांदे द्या" हेसुद्धा कुजबुजत सांगतात. मोठ्यानं बोललं तर कांदे उधळतील, असा एकूण भाव. पण ही कुजबुज साधी नव्हे. आवाज म्हणून नाही, आणि तरी चार दुकानं पलीकडच्या माणसाला शब्दन् शब्द कळतो. तीस वर्षं जंगलात फोटो काढण्यात गेली, त्याची ही कमाई.

भाऊ माझे शेजारी. वाघ, हरणं, गोंडांची लग्नं, पांढुर्ण्याचा पोळा, सगळ्यांचे फोटो त्यांनी काढले आणि ते लांबलांबच्या मासिकांत छापून आले. जनावराला ते विचारत नाहीत, पण माणसाला "काढू का?" असं विचारल्याशिवाय त्यांचं बोट बटणावर जात नाही. कपडे बारा महिने मातीच्या रंगाचे. सख्ख्या पुतणीच्या लग्नात तेच घालून उभे होते, तर वरपक्षाच्या एका आजोबांनी त्यांना मांडवाचा खांब समजून काठी टेकवली.

त्यांचं स्वतःचं लग्न कसं राहिलं, हे सौंसरात सर्वांना पाठ आहे. मुलगी पाहायला गेले. ती पोह्यांची बशी घेऊन दारात आली आणि उजेड तिच्या तोंडावर बरोबर पडला. भाऊंच्या तोंडून सवयीनं निघालं, "हालू नोका!" बशी पडली, बैठक उठली. दुसरीकडे जमत आलं होतं, तिथं यांनी अट घातली की घरात उदबत्ती नको आणि फोडणीत हिंग नको. कपड्याला वास लागला की जनावर जवळ येत नाही म्हणे. बायकोही आली नाही. आम्ही यावर बरेच हसलो आहोत, मीसुद्धा.

त्यांच्या बैठकीत एक रिकामी फ्रेम टांगलेली आहे. अकरा वर्षांपासून.

"एकच फोटो बाकी हाय, मास्तर," ते मला सांगत. "पिकल्या संत्र्याखाली बिबट. पिवळ्यात पिवळं. तो भेटला का कॅमेरा खुंटीले."

बोरगावजवळ माझा संत्र्याचा लहानसा बगीचा आहे. यंदा तोड ऐन भरात असताना पाटाच्या ओल्या मातीत पंजे दिसले. मी वनखात्याला कळवलं, तोडीच्या मुकादमाला "उद्या कोणी येऊ नका" असा फोन केला आणि मोठा शहाणपणा केल्याच्या थाटात भाऊंना सांगितलं. उजाडायच्या आत आम्ही दोघं विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागे जाऊन बसलो. खात्याची गाडी निघाली होती, पण पोचायची होती.

उन्हं आली आणि समोरच्या झाडात शिडीवर मला लुगडं दिसलं. शेवंताबाई! ती तोडीला येते, पण मुकादमाच्या टोळीत नाही, नाल्याच्या वाटेनं भल्या पहाटे एकटीच येते. तिला निरोप द्यायचं मी विसरलो होतो. हाक मारायला तोंड उघडलं, तर भाऊंनी माझा गुडघा दाबला.

बिबट शिडीखाली होता.

गवतातून उठून तो निवांत बसला होता. वर लगडलेली संत्री, पाठीवर कोवळं ऊन. वीस पावलांवर. भाऊंचा कॅमेरा डोळ्याला होता, बोट बटणावर. अकरा वर्षांचा फोटो समोर बसला होता, आणि त्याच चौकटीत वर शेवंताबाई होती. गळ्यात भरलेली झोळी, डोळे पांढरे. झोळीतून एक संत्रं घरंगळलं आणि टप्पकन खाली पडलं. बिबट्यानं मान वर केली. बाईचा पाय पायरीवरून सुटायला लागला.

भाऊंनी कॅमेरा खाली ठेवला आणि आडोसा सोडून ते हळूहळू उभे राहिले.

"हालू नोका, बाई. मी धनराज. माह्याकडं पाहा, खाली नोका पाहू."

तीच कुजबुज. कांद्याची.

"नातीचं नाव काय तुमच्या?"

शेवंताबाईनं शिडी घट्ट धरली. मग ओठ हलले, "सुजाता."

"कितवीत हाय?"

"चौथीत."

"हुशार हाय? सांगा, सांगा. तो ऐकून राह्यला, ऐकू द्या त्याले."

बिबट आता भाऊंकडे पाहत होता. भाऊ मात्र नातीची शाळा, तिची मास्तरीण, डब्यातली भाजी असं एकेक विचारत राहिले. शेवटी जनावर कंटाळलं असावं. उठलं, अंग ताणलं आणि नाल्याच्या दिशेनं चालतं झालं.

ते दिसेनासं झाल्यावर भाऊ मटकन खाली बसले. आम्ही बाईला उतरवलं. मी तिचे पाय धरून माफी मागितली, ती नुसती रडत होती.

परतताना न राहवून मी विचारलं, "भाऊ, एक तरी काढला का?"

"फोटोत बाई होती. तिले इचारलं कुठं होतं?" मग कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवत, "असा चेहरा कोनाच्या भिंतीवर टांगू, मास्तर?"

बिबट पुन्हा आला नाही. पण शेवंताबाई शिडी चढेना. चार दिवस ती सावलीत बसून संत्री निवडत होती आणि शिडीकडे पाठ करत होती. हातचं काम जाणार, हे तिलाही कळत होतं. पाचव्या दिवशी भाऊ आले आणि थेट त्याच झाडाखाली, बिबट बसला होता तिथं, चिखलात उताणे पडले.

"चढा, बाई."

"पाय लटपटून राह्यले, भाऊ."

"तो इथंच होता ना? आता इथं मी हाओ. काढू का?"

तिनं खाली चिखलात लोळणाऱ्या त्या साठीच्या माणसाकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "काढा बाप्पा! पन त्याच्यासारखा टाइम लावू नोका." हसत हसतच ती चढली.

तो फोटो आता त्या फ्रेममध्ये आहे. खालून काढलेला: संत्री, पाय, आणि वर तोंडभर हसणारी बाई. लोक विचारतात, "यात बिबट कुठं हाय?" भाऊ म्हणतात, "त्याच्याच जागेवरून काढला."

परवा शेवंताबाई नातीला घेऊन फोटो पाहायला आली. "जय भीम, भाऊ," म्हणाली, आणि स्वतःला भिंतीवर पाहून एवढ्या मोठ्यानं हसली की खिडकीतल्या चिमण्या उडाल्या. आता "हालू नोका" येणार, म्हणून मी भाऊंकडे पाहिलं. त्या घरात कोणी बाई येऊन हसल्याचं मला आठवत नव्हतं. ते उठले. आत गेले, आणि आतून मी वीस वर्षांत न ऐकलेला त्यांचा खरा, घोगरा, मोठा आवाज आला.

"बसा, बाई! गरम हायेत, खाऊनच जा!"

बशा घेऊन ते दारात आले. पोहे होते, आणि फोडणीत हिंग होतं.