नारळाचा मान आणि जनीची लाथ

माझी कंबर मी कोणाच्याही हातात देणार नाही, हे मी घरात आधीच जाहीर केलं होतं. थळचा नाखवा मी, गुणाजी. तीस वर्षं वादळात सुकाणू सोडलं नाही, तिथे कंबर काय सोडणार! ती जाळं ओढताना नाही, टीव्हीचा रिमोट उचलताना धरली, हे मी कोणाला सांगत नाही. तुम्हीही सांगू नका.

धरली ती अशी की मी काटकोनात घरभर फिरू लागलो. नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर. सोनेरी कागदाचा नारळ डोक्यावर घेऊन मिरवणुकीपुढे चालायचा मान पणजोबांपासून आमच्या घराचा. वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर नारळ राहतो कसा? मान एकदा गेला की परत येत नाही. चुलत भाऊ विनेशने नवा झब्बा शिवून घेतला होता आणि तासातासाला येऊन माझ्या तब्येतीची चौकशी करत होता.

सून क्रांती अलिबागला फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणाली, कुशीवर झोपवून मणक्याला एक झटका देते, कट्कन आवाज येईल, घाबरू नका. नकोच असेल तर चालते-फिरते राहा, हळूहळू सुटेल. हळूहळू! पौर्णिमा काय माझ्यासाठी थांबणार होती? आणि सुनेने सासऱ्याला कुशीवर पाडायचं? मी साफ नाही म्हटलं. आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणूस शोधतात, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेला. त्याने मागून कंबरेला तीनदा हलका पाय लावला की उसण पळते. माझ्या आजोबांची पळाली होती.

शेजारच्या सत्यवतीकाकू म्हणाल्या की जनीच्या घरात पायाळू आहे. पुढचं मी ऐकलंच नाही. जनीच असणार, स्वभावावरूनच कळतं. अडचण एवढीच, की तीन वर्षांपूर्वी भर बाजारात मी तिचे सुके बोंबील गेल्या सालचे आहेत असं म्हटलं होतं आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. बायको सुचिता म्हणाली, आधी माफी मागा. मी म्हटलं, लाथ खाईन, माफी मागणार नाही.

जनी निरोप मिळताच आली. मी चौकट धरून उंबऱ्यात उभा राहिलो, अर्धा कोळीवाडा बघायला जमला. हलकेच लाव, एवढं मी म्हणेपर्यंत तिने लुगडं खोचलं होतं. तीन वर्षांची बाकी तिने एका लाथेत चुकती केली. मी थेट अंगणात, विणायला काढलेल्या जाळ्यात जाऊन पडलो. कट्कन आवाज झाला. उठलो तो ताठ!

पौर्णिमेला मी डोलकाठीसारखा चाललो. क्रांतीकडे बघून मिशीला दोनदा पीळ दिला. विनेश नव्या झब्ब्यात मागे. गुडघाभर पाण्यात शिरलो, नारळ अर्पण करायला वाकलो, आणि तिथेच राहिलो.

नारळ गेला, मी काही वर आलो नाही. लोकांना वाटलं, नाखवा दर्याला नमस्कार करतोय. मग अख्खी मिरवणूक वाकली, बेंजोवाले वाकले, विनेशलाही वाकावं लागलं. भरती चढत होती. शेजारी जनी वाकलेली दिसली. दात आवळून मी तिला म्हटलं, आणखी एक लाथ घाल.

"नाखवा, मी कुठं पायाळू हाय? पायाळू माजा भाऊस, दादू. तो हल्ली आगरदांड्याला ऱ्हातो."

"मग लाथ कशाला घातलीस?"

"तुमीच मागितली. मी न्हाय कशाला बोलू?"

इतका लांब नमस्कार आमच्या गावात आजवर कोणी केला नव्हता. तेवढ्यावरच पुढच्या वर्षीचा मानही आमच्याच घरात राहिला. कंबर मी अजून कोणाच्या हातात दिलेली नाही. क्रांतीने मला ओल्या वाळूत कुशीवर पाडलं आणि कट्कन झालं, असं गावात सांगतात. साफ खोटं आहे. मी घसरलो होतो, ती फक्त उचलायला आली होती.