नानांची एकच पंगत

अखिल मानवजात हे एकच कुटुंब आहे, या तत्त्वावर आमच्या नानांची अढळ निष्ठा होती. इतकी, की समोर एकटा माणूस असला तरी ते त्याला ‘बंधुभगिनींनो’ म्हणत. स्टेशनाबाहेर एकदा त्यांनी टांगेवाल्यालाही अशीच हाक मारली. तो म्हणाला, “साब, मैं अकेलाच हूँ. बहनां घर पे हैं.”

नाना सोलापुरात वकिली करत आणि आमच्या उपासना मंडळाचे चिटणीस होते. मंडळ मूर्ती मानत नसे, जात मानत नसे आणि ठरलेली वेळही फारशी मानत नसे. रविवारी संध्याकाळी आम्ही सतरंजीवर बसून निराकार ईश्वराचं चिंतन करत असू. सतरंजी कोणी झटकायची, याचं चिंतन त्याआधी होई.

‘तत्त्वतः’ हा नानांचा लाडका शब्द. अशील खटला हरला की ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगत, “तत्त्वतः आपण जिंकलो.” अशील तुरुंगात जाई तो तत्त्वतः विजयी होऊन.

मंडळाचा वार्षिकोत्सव नाताळात होई. कारण एवढंच की तेव्हा कोर्टं बंद असत. त्यामुळे आम्ही ख्रिस्ती झालो आहोत, अशी अर्ध्या गावाची खात्री होती. उत्सवाची सांगता प्रीतिभोजनाने होई. वकील, मास्तर, हातमागावरचे साळी, गिरणीतले कामगार, सगळे एका पंगतीत बसत. “या पंगतीबाहेर कोणीही राहता कामा नये!” असं नाना दरसाल गर्जून सांगत.

बाहेर राहणारं माणूस त्यांच्या घरातच होतं. नानांची थोरली बहीण, अक्का. लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली. आई गेल्यावर नानांना तिनेच वाढवलं. नाना पहिल्यांदा प्रीतिभोजनाला जेवून आले, त्या दिवसापासून तिने त्यांचं पान ओसरीवर मांडायला सुरुवात केली. हात उंच धरून वरून वाढायची. नाना जेवून, आपलं ताट आपण घासून कोर्टात जात. मग ती आत एकटी जेवायची. तोवर दोघं एका ताटात जेवत असत, असं नानांनी मला एकदाच सांगितलं आणि लगेच विषय बदलला. दर नाताळात ते तिला विचारत, “अक्का, येतेस जेवायला?”

“मी मेल्यावर ने,” ती म्हणे. “तेव्हा विटाळाची भीती नाही.”

त्या वर्षी भोजनाच्या सकाळी आचाऱ्याने विचारलं, “साळ्यांची पंगत कुठं?” एकच पंगत आहे असं कळल्यावर त्याने झारा उचलला आणि तो चालता झाला. नाना म्हणाले, “तत्त्वतः स्वयंपाक कोणालाही येतो.” त्यांनी कोट काढला आणि मला त्यांच्या घरून मोठं पातेलं आणायला पाठवलं.

“आमटी कोण, नान्या करणार?” अक्काने मला विचारलं. “त्याला आंघोळीचं पाणी तापवता येत नाही! माणसं मारायची आहेत का, मास्तर?”

मागोमाग ती काठीवर आपलं सोवळं घेऊन मंडळात हजर. परसातून आम्हा सगळ्या सुधारकांना तिने हाकललं आणि चूल ताब्यात घेतली. दुपारपर्यंत भात-आमटी तयार झाली. पंगत बसली. पण अक्का पळी हातात धरून दारातच उभी.

“नैवेद्य कुणाला दाखवायचा?”

उत्सवासाठी पुण्याहून आलेले प्रवचनकार शाल सावरत उठले. “बाई, ईश्वर निराकार आहे. त्याला भूक नाही.”

“पाहुण्याला भूक नसली म्हणून पान मांडत नाहीत का तुमच्यात? नैवेद्याआधी मी चवसुद्धा बघितलेली नाही. असंच कसं वाढू?”

“अक्का, वाढा की आता,” नरसय्या साळी पंगतीतून म्हणाला. “भूक आमाला हाय की!”

कोणी हसलं. अक्का हलली नाही. प्रवचनकार नानांकडे पाहत होते. नैवेद्याविरुद्ध याच खोलीत नानांची तीन व्याख्यानं झाली होती, त्यांतलं एक त्याच सकाळचं.

नानांनी एक पत्रावळ उचलली आणि रिकाम्या भिंतीपुढे नेऊन ठेवली.

“तत्त्वतः हे चूक आहे,” ते प्रवचनकारांना म्हणाले. मग वळून, “अक्का, पाणी फिरव.”

अक्काने भिंतीपुढे भात-आमटी वाढली, पाणी फिरवलं, डोळे मिटले. निराकाराने हरकत घेतली नाही. मग तिने सबंध पंगतीला वाढलं, हात उंच धरूनच. पण नरसय्याला भात आग्रहाने वाढला. वाढून झाल्यावर ती परसात गेली.

मंडळाच्या अध्यक्षांनी पंगतीत नानांच्या नावाने जागा धरली होती. ती रिकामीच होती. मी शोधायला परसात गेलो.

चुलीशेजारी दोन पत्रावळी मांडल्या होत्या. मध्ये हातभर अंतर आणि पाण्याची एक रेघ. रेघेच्या अलीकडे नाना, पलीकडे अक्का. ती जेवत होती. नाना तिच्याकडे न बघता जेवत होते, जणू बघितलं तर ती उठून जाईल.

“नान्या,” ती घास थांबवून म्हणाली, “आमटीत मीठच नाही की रे!”

“मीठ बरोबर आहे, अक्का. वाढ अजून.”

ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पळी उचलली.

मी आत आलो. अध्यक्ष उभे राहून सांगत होते की आज आपण सर्वजण खऱ्या अर्थाने एका पंगतीत बसलो आहोत. पंगतीत मिठाची वाटी फिरत होती.