मुस्योकाकांचं स्टेशन

मुस्योकाका रोज संध्याकाळी साडेपाच वाजता आमच्या आळीला फ्रेंचमधून बातम्या सांगायचे. आळीत फ्रेंच कोणालाच येत नव्हतं. ही अडचण आहे असं त्यांना एकदाही वाटलं नाही.

खरं नाव दत्ताराम; मुस्यो म्हणजे फ्रेंचमध्ये 'श्रीयुत'. मूळचे पूर्णगडचे. फ्रेंच मालवाहू बोटींवर तीस वर्षं स्वयंपाकी होते. रिटायर होऊन त्यांनी रत्नागिरीत घर बांधलं, आणि बाजूच्या खोलीत मी भाडेकरू म्हणून राहायला आलो. आळीत तेव्हा टीव्ही एकच, तोही बहुतेक वेळ मुंग्याच दाखवायचा.

एक दिवस काकांनी मंडपवाल्याकडून जुना अँप्लिफायर, माईक आणि पोचे आलेला एक कर्णा आणला. कर्णा माडाला बांधला आणि काकूंना सांगितलं, "आजपासून आपलं स्टेशन चालू."

रत्नागिरीत रेल्वे यायला अजून बरीच वर्षं होती. काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "आणि गाडी कुठून येणार?"

साडेपाचला कर्णा खाकरला. "इसी रात्नागिरी. बोंस्वार!" म्हणजे, इथे रत्नागिरी, शुभ संध्याकाळ. माडावरचे कावळे उडाले ते दोन दिवस परतले नाहीत. मग वारा, भरती-ओहोटी, बंदरावर काय मासळी आली, कोणाची म्हैस व्याली, कोणाचा मुलगा मुंबईहून आला, सगळं फ्रेंचमध्ये. बातमी नसली तर काका गंभीरपणे म्हणत, "ओजुर्दुई, रियँ." म्हणजे, आज काही नाही.

महिन्याभरात आळीला ते थोडंथोडं कळायला लागलं. पापलेट आहे का विचारलं तर मासेवाली पारूमावशी टोपलीवरचं फडकंसुद्धा न उचलता म्हणायची, "रियँ." बांगड्याला ती मॅकरो म्हणायची. दुसऱ्या आळीतल्या बायकांना वाटलं, हा कुठलातरी नवा मासा आहे. त्यांनी तो दोन रुपये जास्त देऊन नेला.

समोरच्या गुरुजींनी मात्र तक्रार केली आणि हवालदार आले.

"परदेशी भाषा, समुद्रकिनारा," ते म्हणाले. "काय कळवता आणि कोणाला?"

"आळीला," काका म्हणाले.

"आळीला कळतं?"

"हळूहळू कळेल. घाई नाही."

शेवटी दुभाषी म्हणून मला पुढे केलं. काकांनी बातमीपत्र वाचलं. मला जमेल तसं मी सांगितलं, "उद्या दक्षिणेचा वारा सुटणार. आमसुलं अंगणात वाळत घालू नयेत."

हवालदारांनी वही काढून ते लिहून घेतलं. मग हळूच विचारलं, "परवा घातली तर चालतील?" तरी परवाना नव्हता, म्हणून जाताना कर्णा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला काका नुसतेच पायरीवर येऊन बसले. मी शेजारी बसलो. "काका, हेच मराठीत का नाही सांगितलंत?"

त्यांनी कर्णा नसलेल्या माडाकडे पाहिलं.

"नोकरीचं पहिलं वर्ष," मग ते म्हणाले. "बोटीच्या वायरलेसवर कंपनीमार्फत माझ्या नावाने तार आली. साहेबाने भटारखान्यात येऊन फ्रेंचमध्ये वाचून दाखवलीन. 'ला पतीत ए मोर्त. ला मेर व्हा ब्यँ.' मला तेव्हा त्यातले दोनच शब्द येत. मेर म्हणजे समुद्र, ब्यँ म्हणजे छान. वाटलं, समुद्र शांत आहे म्हणतोय. मी हसलो. त्याला कॉफी करून दिली. दोन दिवसांनी बंदरात पाँडिचेरीचा खलाशी भेटला, त्याने अर्थ सांगितलान. आईलाही मेरच म्हणतात. 'लहानगी गेली. आई बरी आहे.' आमची मुलगी, सहा महिन्यांची होती. मी तिला पाहिलीही नव्हती."

त्यांनी पंच्याने तोंड पुसलं.

"मग एकही शब्द सुटू दिला नाही. रोज संध्याकाळी वायरलेसच्या खोलीबाहेर उभा राहायचो. जगभरच्या बातम्या यायच्या, इथली कधीच नाही. म्हटलं, आता आपणच सांगाव्या, त्याच भाषेत."

काकू कधीतरी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आई बरी आहे, हे तारेत मीच घालायला लावलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिकडे एकटे, म्हणून." मग म्हणाल्या, "बरी नव्हते मी."

काकांनी सरकून पायरीवर जागा केली. काकू बसल्या. मी उठून माझ्या खोलीत गेलो आणि आवाज न करता दार लोटून घेतलं.