बाबा, ओव्हर

ज्या भावाशी कित्येक वर्षांत एक शब्द बोललो नाही, त्याच्याशी बोलायचं यंत्र आपल्याच टेबलावर बसवून घ्यायचं, हा दादांना सरळसरळ अन्याय वाटत होता. पण बंदर खात्याचा हुकूम होता. खाडी ओलांडणाऱ्या प्रत्येक लाँचवर आणि तिच्या धक्क्यावरच्या ऑफिसात वायरलेस सेट हवाच.

लाँच दोघा भावांची. धाकटा ती चालवी, दादा धक्क्यावर तिकिटं फाडत. बाबा गेल्यावर दादांनी धाकट्याला न विचारता लाँचचा रंग बदलला, तेव्हापासून अबोला. धाकट्याचा आवाज कानावर पडू नये म्हणून तो ऑफिसात आला की दादा आतल्या खोलीत जाऊन बसत. मध्ये निरोप्या म्हणून वहिनी, म्हणजे दादांची बायको. "त्याला सांग, डिझेल भरून घे." "त्याला सांगा, भरलंय." वहिनींचा निम्मा जन्म यातच गेला.

आता धाकट्याने परदेशी जहाजावर नोकरी धरली होती आणि महिनाअखेर तो निघणार होता. त्यानं जाऊ नये असं दादांना फार वाटे. पण 'जाऊ नकोस' हे काही वहिनींच्या हाती धाडण्यासारखं वाक्य नव्हतं.

मेकॅनिकने दुपारीच लाँचवरचा सेट बसवला होता. संध्याकाळी त्याने ऑफिसच्या छपरावर एरियल उभी केली, खिडकीतून वायर आत घेतली आणि दादांच्या हातात माइक दिला.

"बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दाबून धरलं तर समोरच्याचं काही ऐकू येत नाही. आणि बोलून झालं की ओव्हर म्हणायचं."

"म्हणजे एका वेळी एकानंच बोलायचं?" वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे तेवढंही होत नाही हो."

मेकॅनिक एरियलचे नट आवळायला पुन्हा छपरावर गेला. बाहेर धुकं इतकं दाटलं होतं की धक्क्याच्या टोकाचा दिवाही दिसेना. सेट नुसता खरखरत होता. हळूहळू त्या खरखरीतून कुणाचा तरी श्वास ऐकू येऊ लागला. मग कुणीतरी खाकरलं, आणि दादांच्या अंगावर सर्रकन काटा आला. सुकाणूवर बसले की बाबा असंच खाकरत.

"धुकं वाढलंय," बाबांचा आवाज म्हणाला. मागे पाणी चुबुकचुबुक करत होतं. "बसला असेल तिथं उपाशी. हट्टी नुसता. गुडघा ठणकत असेल, पण खुर्ची सोडायचा नाही."

दादांनी कान सेटला लावला. "अगं… कोण बोलतंय?"

"तुम्हाला कोण वाटतंय?" वहिनींनी जपून विचारलं.

तेवढ्यात मेकॅनिक घाईघाईने खाली आला. "वहिनी, लाँचवरच्या माइकचं बटण कशाखाली तरी दबलंय," तो दारातूनच सांगू लागला.

"हळू," वहिनी कुजबुजल्या. "भावोजी सुकाणूवर एकटे असले की असेच पुटपुटतात. आवाज अगदी सासऱ्यांवर गेलाय त्यांचा. फक्त यांनाच ठाऊक नाही." आणि पुढे काही बोलू नये म्हणून त्यांनी त्याच्या हातात चहाचा कप दिला.

सेटमध्ये कट्ट असा आवाज झाला आणि बोलणं तुटलं. बाबा पुन्हा गेले, असं वाटून दादांनी घाबरून माइक तोंडाशी धरला.

"बाबा, धाकटा चाललाय हो. माझ्यानं नाही सांगवत. तुम्ही सांगा त्याला, जाऊ नको म्हणावं. तुमचं ऐकायचा तो." मग आठवण होऊन ते म्हणाले, "ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर. मग तोच आवाज आला, पण आता जरा कापरा.

"सांगतो त्याला. तू गुडघ्याला तेल लाव." थोडं थांबून तो म्हणाला, "ओव्हर."

मेकॅनिकला चहाचा ठसका लागला. वहिनींनाही राहवलं नाही. "अहो, मामंजींना ओव्हर म्हणायचं कुणी शिकवलं?"

दादांनी माइक जपून टेबलावर ठेवला. "बाबा कुठलंही यंत्र चटकन शिकायचे," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

धुक्यातून लाँच धक्क्याला लागली. एरवी कलकलाट करत उतरणारे उतारू आज लाँचवर सगळं बोलणं ऐकून मुकाट्याने गेले. एका म्हातारीने जाता जाता दादांच्या गुडघ्याकडे कळवळून पाहिलं. सगळ्यांमागून धाकटा आला. आज मात्र दादा आतल्या खोलीत गेले नाहीत.

"वहिनी, त्याला सांगा," धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, "मी जात नाही."

वहिनी निरोप द्यायला वळल्या, पण दादाच बोलले, आणि थेट त्याच्याकडे बघून बोलले. "कळलं मला. मघाशी बाबा बोलले."

"आणखी काय म्हणाले?"

"तेल लाव म्हणाले. आवाज बसलाय त्यांचा. एवढ्या धुक्यात गळा उघडा टाकून हिंडू नये माणसानं." दादांनी आपल्या गळ्यातला मफलर काढून पुढे केला. "दे त्यांना."

धाकट्याने तो घेतला आणि आपल्या गळ्याला गुंडाळला.